पुढच्या वर्षीचं माप

डोंगरावरचे प्राणी पायांना चाकं बांधायला नुकतेच शिकले होते, त्या काळातली गोष्ट. कातळाच्या उतारावर साळू नावाची म्हातारी साळिंदर पिल्लांना स्केटिंग शिकवायची.

एका सकाळी बिट्टी ही सशाची पोर पहिल्याच वळणावर आपटली. गुडघ्यांची पॅड घसरून घोट्यांवर आली होती. दोन्ही गुडघे सोलून निघाले. साळूने तिचा स्केट ओढून काढला, तर आतून कापसाचा भलामोठा बोळा बाहेर पडला.

"हे काय गं?" तिने धावत आलेल्या बिट्टीच्या आईला विचारलं.

"वाढतं अंग आहे, मावशी. पुढच्या वर्षीही व्हायला हवेत ना! आणि तुम्हीच जरा लक्ष द्यायचं होतं."

साळूचे काटे ताडकन उभे राहिले. "मी लक्ष द्यायचं? अगं शहाणे, झबली शिवावीत वाढत्या अंगाची, चाकं नव्हे! पाय वाढेल तेव्हा वाढेल, पोर पडते ती आजच्या गुडघ्यांवर!"

आईने नाक मुरडलं. "पडल्याशिवाय का कुणी शिकतं?"

साळूने दुसराही स्केट काढला आणि दोन्ही तिच्यापुढे आदळले. "घाल!"

आईच्या पायांत ते अगदी चपखल बसले. साळूने तिला उताराच्या तोंडाशी उभं केलं आणि हात सोडला. आई लटपटली. बिट्टी गुडघ्यांवर फुंकर घालत बघत होती. आईने घाबरून साळूचे काटेच घट्ट पकडले.

"मावशी, सोडू नका! पडेन मी!"

"मापाचे असून?" साळू कडाडली.