आमटीतलं मीठ

"मग पळी काढून घेताय ती कोणत्या गुन्ह्यासाठी, तेवढं तरी सांगा."

विद्याधर चुलीपुढे उभा होता, आणि मठाच्या अक्का त्याच्यापुढे हात पसरून. उद्याच्या उत्सवाचा स्वयंपाक दुसरं कुणीतरी करील, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

भौतिकशास्त्र शिकून, चांगल्या नोकरीवर पाणी सोडून तो या डोंगरावर आला होता. अक्कांनी त्याला दिलं काय, तर स्वयंपाकघर. आता तेही हातचं चाललं होतं. त्याला राग आला आणि तो त्यानं लपवलाही नाही.

"आमटी खारट होते," अक्का म्हणाल्या.

"शक्य नाही. हंडा तोच, डाळ तेवढीच, मूठही माझीच."

"आणि मीठ?"

"मीठ..." तो अडखळला. हल्ली खडेमिठाऐवजी बारीक मिठाचं पोतं आलं होतं, आणि बारीक मीठ मुठीत जास्त मावतं. "मीठ म्हणजे मीठ. खारट असती तर एक तरी माणूस बोलला असता."

"प्रसादाला कोण नावं ठेवतं?"

नैवेद्य आत्ताच दाखवून झाला होता. अक्कांनी एक द्रोण आमटीनं भरला आणि त्याच्यापुढे धरला.

विद्याधरनं हात मागे घेतले. "मी घेणार नाही. मी मीठ सोडलंय, ठाऊक आहे तुम्हाला."

ठाऊक नसायला काय झालं? चैत्रात मीठ सोडल्यापासून विचारणाऱ्याला तो सांगे, आणि न विचारणाऱ्याला आधी सांगे. पंगत उठली की कोपऱ्यात बसून दूधभाकरी खाई. कोपरा मात्र सगळ्यांना दिसेल असा.

"व्रत मोडू म्हणता?"

"पळी हवी ना?"

द्रोण तिथंच होता...

त्यानं तो जवळजवळ हिसकावला आणि तोंडाला लावला. जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"हे... रोज खात होता तुम्ही?"

"रोज."

लाज वाटली, पण ती मान्य करील तर तो विद्याधर कसला.

"मग दोष तुमच्या नियमाचा आहे. शिजताना चाखायचं नाही, कारण आधी देवाला. जेवणाऱ्यानं बोलायचं नाही, कारण प्रसाद. केलेल्याचं काय झालं ते हाताला परत कळलंच नाही, तर हात सुधारणार कसा? घागर भरतानासुद्धा माणूस आवाज ऐकून नळ बंद करतो. मी मात्र आंधळ्यासारखं रांधायचं आणि वर शिक्षाही भोगायची. मला हे पटत नाही, अक्का. मठातून काढलंत तरी पटणार नाही."

"खरं आहे तुझं," अक्का म्हणाल्या, आणि पळी त्याच्याच हातात राहू दिली.

जिंकल्यासारखं वाटूनही तो घुटमळला...

"देवाच्या आधी चाखायचं नाही, हा मठाचा नियम," अक्का म्हणाल्या. "देवाच्या नंतरही चाखायचं नाही, हा कुणाचा?"