तलवारीचं लग्न

नदीकाठच्या त्या गावात धुकं इतकं दाट पडायचं, की अंगणातलं तुळशीवृंदावनही तरंगतंय असं वाटे. अशाच एका सकाळी सरदार रायाजीरावांची वरात सगुणाच्या दारी उतरली. पालखीत नवरदेव नव्हता. गादीवर लोडाला टेकवलेली एक तलवार होती.

"सरकारांना शिकारीतून सवड नाही," दिवाणजी म्हणाले. "तलवार त्यांचं प्रतीक. तिला माळ घातली की लग्न लागलं. मग मुलीला पालखीत बसवा."

सरदाराला नाही कोण म्हणणार? वडील मान खाली घालून उभे राहिले. भांडं पडलं तरी दचकणारी सगुणा दाराआडून सगळं ऐकत होती. कधी न पाहिलेल्या माणसाच्या घरी तिला जन्म काढायचा होता. तेवढ्यात तिला काहीतरी सुचलं आणि ती हळूच बाहेर आली.

"भटजीकाका, यजमानाची बायको हजर नसेल तर पूजेला तिच्या जागी काय ठेवता?"

"सुपारी, बाळ."

सगुणाने आपल्या पाटावर एक सुपारी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं. "दिवाणजी, ही मी. घाला माळ, आणि हिलाच पालखीत बसवून न्या."

दिवाणजी खवळले. "पोरी, थट्टा करतेस? लग्नाला जितंजागतं माणूस लागतं."

"मग तलवारीला कशी माळ घालू?" सगुणा म्हणाली.

दिवाणजींनी भोयांना पालखी उचलायची खूण केली. तलवार घेऊन पालखी आली तशी धुक्यात विरून गेली. वडिलांनी अडकित्ता मागवला आणि पाटावरची सुपारी कातरून मांडवभर वाटली. आता ती नुसती सुपारीच होती.