सोणाची गाठ

पूर्वी वाराणसीपासून पंधरा दिवसांच्या वाटेवर, एका कोरड्या मुलखात पद्मरथ नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने विहिरी खणणाऱ्यांच्या वस्तीत जन्म घेतला. त्याचे नाव उत्तर ठेवले होते. वस्ती चाळीस घरांची. विहीर खणताना एकाचा जीव दुसऱ्याच्या हातातल्या दोराला लटकलेला असतो, म्हणून ही माणसे एकमेकांना फार धरून होती. कोणाच्या चुलीवर काय शिजते आहे हे शेजाऱ्याला न सांगता कळे.

या वस्तीची एक रीत होती. महत्तर, म्हणजे वस्तीचा मुख्य, आपल्या घरात अंबाडीचा एक जाड दोर जपून ठेवी. वस्तीतले कोणी वारले की त्या दोराला त्याच्या नावाची गाठ मारीत आणि त्या गाठीला एक शब्द देत. आश्विनातल्या पौर्णिमेला सकाळीच सगळी वस्ती गोल बसे. दोर हातोहात फिरे. महत्तर एकेका गाठीचे नाव आणि शब्द उच्चारी आणि सगळे तो शब्द पुन्हा म्हणत. नियम मोजकेच होते. शब्द एकच द्यायचा. तो चांगलाच द्यायचा. सुटलेली गाठ पुन्हा बांधल्याशिवाय दोर पुढे द्यायचा नाही. आणि बांधलेली गाठ सोडण्याचा हक्क फक्त मृताच्या रक्ताच्या माणसाला. तो हक्क आजवर कोणी वापरला नव्हता.

उत्तर सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिकायला तक्षशिलेला पाठवले. तो तिथे असताना त्याचा बाप सोण एका विहिरीत मेला. ही बातमी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर त्याच्यापर्यंत पोहोचायला वर्ष लागले. शिक्षण पुरे करून तो परतला तेव्हा सोणाला जाऊन चार वर्षे झाली होती आणि पौर्णिमेला सात दिवस उरले होते.

बाप कसा गेला, हे त्याने पहिल्याच दिवशी महत्तराला विचारले. महत्तराचे नाव पिंगल. सोणाचा तो जिवलग मित्र होता, आणि सोण शेवटचा उतरला तेव्हा वर दोर धरून तोच उभा होता.

"पिंगलकाका, बाबा कसे गेले?"

"चांगला गेला रे. सावध माणूस होता."

"पण गेले कसे?"

"वेळ आली. तुझ्या बापाच्या गाठीचा शब्दच 'सावध' आहे. पौर्णिमेला ऐकशीलच."

"सावध माणूस विहिरीत मेला कसा?"

पिंगलाने ताकाचे भांडे पुढे केले. मग म्हणाला, "बाळ, प्रवासाचा थकला असशील. ताक पी."

बोधिसत्त्व घरोघर फिरला. प्रत्येक घरात त्याला ताक मिळाले आणि तेच उत्तर मिळाले. चौथ्या दिवशी त्याने ताक पिणे सोडले. नवलाची गोष्ट म्हणजे कोणी खोटे बोलत नव्हते. चार वर्षे तोच शब्द म्हणून म्हणून त्यांना दुसरे काही आठवतच नव्हते. आईला मात्र त्याने विचारले नाही. तिला दुःख होईल असे त्याला वाटले.

याच दिवसांत त्याने आणखी एक गोष्ट पाहिली आणि तो हादरला. त्याच्या लहानपणी विहिरीत उतरण्याआधी दोरीला बांधून दिवा खाली सोडीत. दिवा जळत राहिला तर माणूस उतरे. आता दिवा कोणी सोडीत नव्हते. त्याने धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, नंदियला, कारण विचारले. नंदिय चांगला दणकट, हसरा गडी होता.

"दादा, आम्ही सोणरीतीनं उतरतो," नंदिय अभिमानाने म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे सासरे उतरायचे तसं. दिव्याशिवाय. शेवटच्या वेळी ते असेच उतरले होते म्हणतात. त्यांच्याएवढा सावध माणूस दिवा नेत नव्हता, तर आपण कोण नेणारे? त्यांचा मान आहे तो."

"नंदिय, ते त्यात मेले."

"ते वेळ आली म्हणून."

गेल्या चार वर्षांत सोणरीतीने उतरलेले दोघे जण मेले होते. त्यांच्याही गाठी दोराला होत्या. दोघांचाही शब्द 'सावध' होता.

बोधिसत्त्वाने कपाळाला हात लावला. तक्षशिलेत त्याच्या आचार्यांनी शिकवले होते की बुजवलेल्या, झाकलेल्या खड्ड्यात वाईट हवा साठते आणि ज्या हवेत दिवा जगत नाही तिच्यात माणूसही जगत नाही. तेव्हा त्याने आनंदाने सांगितले होते, आचार्य, हे आमच्या वस्तीला ठाऊक आहे. इतक्या दूर जाऊन तो जे शिकून आला ते त्याच्याच अंगणात होते, आणि तो परत येईपर्यंत या लोकांनी त्याच्याच बापाच्या मानासाठी ते टाकून दिले होते.

त्या संध्याकाळी वडाखाली सगळे बसले असताना तो तळमळीने बोलला. हवेबद्दल बोलला, दिव्याबद्दल बोलला, आचार्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत म्हणून दाखवले. लोकांनी ते कौतुकाने ऐकले.

"तक्षशिलेत विहिरी आहेत का रे?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"आहेत."

"कोणी खणल्या?"

"ते मला ठाऊक नाही, आजोबा."

"बघ. आधी ते विचारून यायचं."

सगळे हसले. दुसरा एक जण म्हणाला, "नाव उत्तर, आणि आल्यापासून नुसते प्रश्न विचारतोय." त्यावर आणखी हसू उसळले. तो चिडून उठला आणि चिडलेल्या माणसाचे कोणी ऐकत नाही हे त्याला पाठ फिरवल्यावर आठवले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंगलाने जाहीर केले की यंदा सोणाची आठवण मोठ्या मानाने करायची. सोण ज्या विहिरीत गेला ती पूर्वेच्या माळावरची विहीर तेव्हापासून फळ्या टाकून, वर माती लोटून बंद केलेली होती. ती उघडायची. दोर फिरवून झाला की सोणाच्या जावयाने तिच्यात उतरायचे, आणि तेही सोणरीतीने. मग ती पुरी खणून तिला सोणाचे नाव द्यायचे. लोकांनी माना डोलावल्या. नंदियची छाती फुगली. त्याची बायको, उत्तराची बहीण, पाच महिन्यांची गरोदर होती.

बोधिसत्त्व पिंगलाच्या घरी गेला.

"काका, चार वर्षं झाकलेली विहीर आहे. नंदियला आधी दिवा सोडू द्या. एवढंच मागतो."

"दिवा सोडला तर लोक विचारतील का सोडला."

"विचारू देत."

"मग सोणानं का नाही सोडला, तेही विचारतील." पिंगलाने गाठींच्या दोराचे वेटोळे मांडीवर घेतले. "उत्तर, मी थकलो. माझ्यामागे हा दोर तुझ्याकडेच यायचाय. सगळ्यांच्या मनात तेच आहे. तू शिकलेला, सोणाचा मुलगा. उद्याचा दिवस तेवढा नीट जाऊ दे."

बोधिसत्त्वाने मनाशी विचार केला. 'मी गप्प राहिलो तर बापाचा मान राहील आणि मला महत्तरपद मिळेल. बोललो तर दोन्ही जाईल. पण या मानाने दोन माणसे आधीच खाल्ली आहेत आणि उद्या तो तिसरे मागतो आहे. बाबा असते तर त्यांनी असला मान चुलीत घातला असता.' तो घरी गेला.

सकाळी वस्ती गोल बसली. दोर फिरू लागला. पिंगल नावे घेत होता आणि लोक म्हणत होते, सावध, भला, शूर, सावध, भला, सावध. डोळे मिटून ऐकले तर चाळीस घरांत मिळून तीनच माणसे जन्मली आणि मेली असे वाटले असते.

सोणाची गाठ बोधिसत्त्वाच्या हातात आली. पिंगल म्हणाला, "सोण. सावध." सगळे म्हणाले, "सावध." बोधिसत्त्वाने दोर पुढे दिला नाही. त्याने गाठीत नखे घातली आणि ती सोडायला घेतली.

एक बाई ओरडली. चार जण उठून उभे राहिले. "बापाची गाठ सोडतोय," कोणीतरी म्हणाले, "हेच शिकून आला का?" नंदियने त्याचा हात धरला.

"दादा, लाज वाटू दे."

"हक्क माझा आहे," बोधिसत्त्व म्हणाला. या वेळी तो चिडलेला नव्हता. "बाबा सावध होते की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ठाऊक नाही. ते कसे गेले हे कळेपर्यंत ही गाठ मी बांधणार नाही. आणि ती बांधल्याशिवाय दोर पुढे जाणार नाही. बसून राहू."

नियम त्यांचाच होता. सगळे बसून राहिले. ऊन वर आले. लहान मुले भुकेने रडू लागली. मग उत्तराची आई, सुमना, उठली आणि चालू लागली. लोकांना वाटले, बाईला सहन झाले नाही. थोड्या वेळाने ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक मातीचा दिवा होता. तिने तो दोराशेजारी ठेवला.

"ते नेहमी दिवा सोडूनच उतरायचे. त्या दिवशी हा काठावरच राहिला," ती म्हणाली. "वात बघा."

वात पांढरी होती. ती कधी पेटलीच नव्हती.

"आई," बोधिसत्त्व म्हणाला, "तुला ठाऊक होतं? तू बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? येणारा प्रत्येक जण 'सावध होता' म्हणायचा आणि जायचा. मी पाणी द्यायची. तू आलास. तूही सगळ्या वस्तीला विचारलंस, मला सोडून."

बोधिसत्त्वाने मान खाली घातली. आठ दिवस तो लोकांवर वैतागत होता, आणि त्याने स्वतः तेच केले होते. दुःख होईल म्हणून विचारायचे नाही, वाईट वाटेल म्हणून बोलायचे नाही.

तेव्हा पिंगल बोलू लागला. तो कोणाकडे पाहत नव्हता.

"दोर माझ्या हातात होता. सोण म्हणाला, दिवा पेटवत बसलो तर ऊन होईल. ती विहीर जुनी होती, झाकलेली, आम्ही नुकतीच उघडलेली. मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, उतर मग, तुला कशाला दिवा. चौथ्या परसाला तो खालून काहीतरी म्हणाला." एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस; विहिरीची खोली हे लोक तशी मोजतात. "मला वाटलं, गातोय. मी वरून हसलो. मग दोर जड झाला."

नंदियने दोराशेजारचा दिवा उचलला.

मग सगळे माळावर गेले. फळ्या काढल्या. नंदियने स्वतःच्या हाताने सोणाचा दिवा पेटवला आणि दोरीने खाली सोडला. पहिला परस, दुसरा परस. ज्योत नीट होती. तिसऱ्याला ती बुटकी झाली. चौथ्याच्या आधीच ती विझली. वारा नव्हता.

नंदिय काठापासून मागे सरकला आणि जमिनीवर बसला. त्याच्या बायकोने येऊन त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडली.

दुपारभर लोकांनी दोरांना हिरव्या फांद्या बांधून विहिरीत वरखाली घुसळल्या, वरून घागरीच्या घागरी पाणी फेकले आणि हवा हलवली. पाच वेळा दिवा विझला. सहाव्या वेळी तो तळापर्यंत जळत गेला आणि खालचे दगड दिसले. मग नंदिय उतरला. त्याचा दोर पिंगलाने धरला होता, आणि पिंगलाच्या मागे तोच दोर आणखी सात जणांनी धरला होता. तो खालून दर परसाला ओरडून सांगे, "मी गात नाहीये, काका." पहिल्यांदा कोणी हसले नाही. तिसऱ्यांदा पिंगल स्वतःच हसला आणि मग त्याने डोळे पुसले.

स्मरणाचा दोर अजून अडलेलाच होता. विहिरीकाठीच पुन्हा गोल झाला. सोणाला शब्द कोणता द्यायचा, यावर सगळे सुमनेकडे पाहू लागले.

"घाईचा," सुमना म्हणाली.

"तो चांगला शब्द नाही," म्हातारा म्हणाला.

"पण त्यांचाच आहे. मला मागायला आले तेव्हा माझे वडील आंघोळ करत होते. तेवढंही थांबले नाहीत. बाहेरून ओरडून विचारलं. वडील आतून ओले 'हो' म्हणाले."

कोणीतरी हसले. मग एकाने सांगितले की सोण जेवताना पहिला घास चावायच्या आत दुसरा मागायचा. दुसरा म्हणाला, माझ्या मुलाला ताप भरला तेव्हा वैद्याकडे तो धावत गेला होता, मी पायात वहाणा घालेपर्यंत तो परत आला होता. चार वर्षांत पहिल्यांदा सोण त्या लोकांत येऊन बसला. बोधिसत्त्व बापाच्या गोष्टी ऐकत होता. त्यातली एकही त्याला आधी कोणी सांगितली नव्हती.

सुमनेने गाठ बांधली आणि तिच्यात ती वात घालून घट्ट ओढली. वात आता काळी होती. तेव्हापासून त्या वस्तीत विहिरीत उतरणारा आधी ती गाठ हातात धरी, "सोण, घाईचा" असे म्हणे आणि दिवा खाली सोडी.

पिंगलाने तो दोर त्याच दिवशी बोधिसत्त्वाच्या हाती दिला. "माझा शब्द आत्ताच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "गप्प."

अकरा वर्षांनी पिंगल वारला, तेव्हा त्याच्या शब्दावरून वस्ती तीन दिवस भांडली. 'सावध' म्हणावे असे पुन्हा दोघातिघांनी सुचवले आणि बोधिसत्त्वाने पुन्हा कपाळाला हात लावला. काही जण म्हणाले, त्याने स्वतः मागितलेलाच शब्द द्यावा. सुमना तेव्हा फार म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "तोही खरा नाही." मग बोधिसत्त्वाने गाठ बांधली आणि शब्द दिला, "बोलला." ती गाठ पुढे कोणी सोडली नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली. त्या दिवशी एका वारलेल्या भिक्खूचे गुण गायले जात होते. त्याने आजारात औषध घेतले नव्हते, ते का हे कोणी विचारले नव्हते, आणि त्याला धीराचा म्हणता म्हणता दोन तरुण भिक्खूंनी औषध सोडले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या काळचा पिंगल म्हणजे आज हे गुण गाणारे स्थविर पद्मक. सुमना म्हणजे भिक्खुणी अचला, जिला त्या आजाऱ्याबद्दल सगळे ठाऊक आहे आणि जिला अजून कोणी विचारलेले नाही. नंदिय म्हणजे तो कोपऱ्यात तापाने कुडकुडणारा सुनेत्र. त्याला आधी काढा द्या. आणि उत्तर मीच होतो. गेलेला होता तसा आठवणे हाच त्याचा मान, आणि त्यानेच मागे राहिलेले जगतात. त्या जन्मी मी पूर्णत्वाला नेलेली पारमिता सत्याची."