कण्यांची कृती

फार पूर्वी एका माळावरच्या चिंचेच्या ढोलीत रेवा नावाची खार राहायची. त्या साली पीक बुडालं होतं. ती दिवसभर हिंडून मूठभर ज्वारी वेचायची, भरडायची आणि त्या कण्यांत ओढ्याकाठचा तांदुळजा घालून तीन पिल्लांची पोटं भरायची.

एक दिवस थोरला सोमा जेवता जेवता उठला. "रोज आपल्या कण्याच! बाजारात शेव, भजी नुसती सांडलेली असतात," असं म्हणून तो निघून गेला. रेवा मात्र रोज त्याच्या वाटणीचं पाणी भांड्यात घालतच राहिली. शिजलं की तेवढ्या कण्या बाजूला काढून ती माळाकडे बघत बसायची.

थंडी पडली तेव्हा कावळा निरोप घेऊन आला. "सोमा म्हणतो, बाजारात पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही. आईला कण्यांची कृती विचारून ये."

कृती कसली? कण्या, पाला, मीठ आणि पाणी. रेवाच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

"निरोपानं सांगण्यासारखी नाही रे ती," ती हळूच म्हणाली. "फार अवघड आहे. त्याला म्हणावं, एकदा येऊन बघून जा."