चुकीचं पान

"मग मी काय आता एकेकाच्या पाया पडत फिरू का, सर?"

झिरपे ओरडलेच. विद्यापीठाचे उमाकांत झिरपे. विद्यापीठाची वेबसाइट नवी करायची चाललीय ना, त्या प्रकल्पाचे प्रमुख. प्रकल्पप्रमुख म्हणजे कोण, तर ज्याला वरचे झापतात आणि बाकीचे विचारत नाहीत तो.

समोर बिराजदार सर. रिटायर. अंगणात बाजेवर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. विद्यापीठात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक ह्यांनीच काढलेलं. झिरपे तेव्हा त्यांचे विद्यार्थी. आता झिरप्यांना टक्कल पडलंय, पण सरांसमोर आले की अजून अंग चोरून बसतात.

"कुणाच्या पाया?" सर म्हणले.

"विभागप्रमुखांच्या! पत्रं पाठवली. स्मरणपत्रं पाठवली. कुलसचिवांच्या सहीनं पाठवली. तुमच्या विभागाची माहिती द्या, प्राध्यापकांची नावं द्या, फोटो द्या. एकजण देत नाही सर. एकजण!"

"बरं."

"बरं काय सर? हे बघा."

झिरप्यांनी लॅपटॉप उघडला. कुठल्या आठवड्यात काय करायचं, कुणी करायचं, सगळं रंगीबेरंगी पट्ट्यांत मांडलेलं. रांगोळीच म्हणा ना.

"डिझाइन झालं. मोबाइलवर चालतं. ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवतं. शोधायला सोपं. आणि उघडलं की काय दिसतं? 'माहिती लवकरच उपलब्ध होईल.' प्रत्येक पानावर!"

विद्यापीठातलं 'लवकरच' म्हणजे किती लवकर, ते मार्कशीटसाठी हेलपाटे घातलेल्यांना विचारा.

सरांनी पट्ट्या बघितल्या.

"रंग छान आहेत."

"सर, चेष्टा नको. वर्धापनदिनापर्यंत पानं भरली नाहीत तर कुलगुरू काम बाहेरच्या कंपनीला देणारेत. आणि मला उपकेंद्रावर. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला!"

"आपल्या सेंटरचं पान केलंस का?"

"कॉम्प्युटर सेंटरचं? ते पण रिकामंच. जुनं सगळं कोण सांगणार? मलाच आता नीट आठवत नाही. आणि वेळ कुठाय?"

सरांनी एक शेंग झिरप्यांच्या हातात दिली. झिरप्यांनी ती तशीच धरून ठेवली.

…

"तू खिडकीपाशी बसायचास, नाही का रे?" सर म्हणले.

"कुठं?"

"सेंटरला. खिडकीतनं बाहेर बघत बसायचास."

"खिडकी कुठं होती सर? एसी बसवला तेव्हा विटा लावून बुजवली होती की. मी दाराजवळच्या मशीनवर असायचो. त्याचं एक बटण निघालेलं होतं, तिथं मी काडीपेटीतली काडी घालून दाबायचो."

"असेल. पोरं धडाधडा बुटासकट आत यायची, ते आठवतंय मला."

"बुटासकट?" झिरपे ताठच झाले. "चपला बाहेर सर! बाहेर! देवळासारखा ढीग असायचा. तुम्ही दारात उभे असायचा. धूळ आत आली तर मशीन बिघडेल म्हणून. कुलगुरूंनासुद्धा बूट काढायला लावले होते तुम्ही. त्यांच्या मोज्याला भोक होतं."

"ते कुलगुरू नव्हते. कुणी शिपाई असेल."

"कुलगुरूच! अंगठा बाहेर आला होता. आम्ही सगळी हसू दाबून बसलो होतो. तुम्ही नाही हसलात. तुम्ही आतून तुमची सतरंजी आणून त्यांच्या पायाखाली टाकली."

सर शेंगा सोलत राहिले.

"पहिली वेबसाइट निळी होती ना आपली?"

"पिवळी! हळदीसारखी. मधे बोधचिन्ह गरागरा फिरायचं. खाली तो टोपीवाला माणूस, फावडं घेऊन खणत असायचा. काम चालू आहे म्हणून. आम्ही त्याला मामा म्हणायचो."

"कुणी केली होती ती? त्या पुण्याच्या लोकांनीच ना?"

झिरपे उभेच राहिले.

"पुण्याच्या? सर, तुम्ही केली! तुम्ही! दिवाळीच्या सुट्टीत. आम्हाला घरून फराळ आणायला लावायचा आणि त्या बदल्यात एकेक ओळ शिकवायचा. आणि मग पहिल्यांदा निकाल लावला वेबसाइटवर, तर सगळा जिल्हा एकदम आला आणि ती पडली ना धाडकन! मग तुम्ही काय केलं? फोन उचलला आणि बसलात. ज्याचा फोन येईल त्याला निकाल वाचून सांगत होता. तुमचा घसा बसला. मग आम्ही आळीपाळीनं वाचला. नापास पोरांना तुम्ही स्वतः सांगायचा, आमच्याकडे द्यायचा नाही. 'बाळ, जेवलास का?' असं आधी विचारायचा…"

झिरप्यांनी खाली बघितलं. शेंग हातात पार चुरगळली होती.

कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती, तेवढाच आवाज.

"मघाशी मी विचारलं," सर म्हणले, "तेव्हा तर तुला काहीच आठवत नव्हतं."

…

झिरपे हळूच बाजेवर टेकले.

"तुम्ही मुद्दाम…"

"शेंग खा. गार झाली."

"म्हणजे मी पण चुकीचं टाकू? विद्यापीठाच्या वेबसाइटवर?"

सर सालपटं गोळा करून शेळीला टाकायला उठून गेले.

आता ह्याला हो समजायचं का नाही? आपल्यासारख्यानं लगेच हो समजलं असतं. झिरपे शिकलेला माणूस, त्यांना घरी जाईपर्यंत विचार करावा लागला.

मग केलं. खऱ्या साइटवर नाही, एवढी अक्कल होती. चाचणीची साइट होती, फक्त विद्यापीठातल्यांना दिसणारी. रिकामी पानं सगळी भरून टाकली. कशीही. मराठीच्या प्रमुखांच्या जागी हिंदीच्या प्रमुखांचं नाव. खेळाची ढाल शेजारच्या विद्यापीठाला देऊन टाकली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं वर्णन काय, तर 'एक टेबल, एक स्टोव्ह'. आणि सगळ्यांना एक ओळ पाठवली: आपल्या विभागाचे पान तयार आहे, हेच कायम करत आहोत.

दुसऱ्या दिवशी झिरप्यांच्या केबिनबाहेर ही गर्दी! प्रवेशाच्या वेळी पण एवढी नसते.

मराठीच्या घोंगडे मॅडम सगळ्यात पुढं.

"झिरपे! माझ्या जागी तो? मी काय मेलेय का?"

"चुकलं मॅडम. सुधारतो. बरोबर काय ते द्या ना."

"घ्या, हे घ्या. सगळं आणलंय. पुस्तकं, पुरस्कार, सगळं. आणि हा फोटो."

"छान आहे."

"थांबा, हा नको. ह्यात मी जाड दिसते. दुसरा देते."

मागून रसायनवाले ओरडत होते, "स्टोव्ह म्हणे! अहो, या, बघा तरी येऊन आमची लॅब!" खेळाचे सर तर ढालच बगलेत मारून आले होते. पुरावा म्हणून.

झिरपे प्रत्येकाला 'चुकलं, चुकलं' म्हणत होते आणि टाइप करत होते. आयुष्यात एवढ्या शिव्या खाऊन एवढा खूश झालेला माणूस दुसरा नसेल.

पानं भरली. कुलगुरूंनी बघितलं, पाठ थोपटली. बाहेरच्या कंपनीचं नाव निघायचं बंद झालं.

वर्धापनदिनाच्या आदल्या दुपारी झिरपे परत सरांकडे. पेढे घेऊन.

पेढ्यांचा पुडा बाजेवर ठेवला आणि नुसते बसले.

"झालं सगळं?" सर म्हणले.

"झालं सर. भरली पानं."

"मग तोंड असं का?"

झिरपे पुड्याच्या दोऱ्याशी खेळत बसले.

"सर… आपल्या सेंटरच्या पानावर पण मी चुकीचंच टाकलं होतं."

"काय टाकलंस?"

"पहिली वेबसाइट बाहेरच्या कंपनीनं केली, असं. तुमचं नावच नाही टाकलं." झिरप्यांनी वर बघितलं नाही. "मला वाटलं, सगळ्यात जास्त भांडण ह्याच पानावर होणार. आपली सेंटरची जुनी पोरं किती आहेत आत. परीक्षा विभागात आहेत, लेखा विभागात आहेत. ग्रंथालयात तो गोसावी आहे, त्याला तर तुम्ही तुमच्या घरी ठेवलं होतं. म्हणलं, धावत येतील. मला शिव्या देतील. कॉलर धरतील."

"मग?"

"कुणी आलं नाही सर."

सरांनी पुडा उघडला. एक पेढा घेतला. अर्धा मोडून झिरप्यांपुढं धरला.

झिरप्यांनी घेतला नाही.

"गोसाव्याला मी स्वतः दाखवलं पान. म्हणाला, छान झालंय."

…

"उद्या सगळ्यांना दिसणार ना ते?" सर म्हणले.

"हो. अजून तसंच आहे. मी हातच नाही लावला. लावायला काय, एका मिनिटाचं काम आहे. पण म्हणलं, मी टाकलेली चूक मीच काय सुधारू? कुणीतरी येऊ दे. एकानं तरी यावं…"

एवढा मोठा माणूस, बाहीनं नाक पुसायला लागला.

सरांनी झिरप्यांच्या पिशवीतनं लॅपटॉप काढला. उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. स्वतः बाजेवर मांडी घालून, खाकरून, नीट बसले. चष्मा लावला.

"आलायस ना तू?" सर म्हणले. "मग सांग. काय चुकलंय ह्यात?"