फुटका ‘प्लीज’ आणि ठकूबाईचा विडा

मला एक सांगा मंडळी, नवा माल घ्यायचा तर भरवसा कुणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, की रोज वापरणाऱ्यावर? सावळगडच्या राजेसाहेबांनी एक नवाकोरा इंग्रजी शब्द घेतला, पण घेताना हा विचार करायचा राहून गेला. तिथेच सगळा घोटाळा झाला!

शब्द होता ‘प्लीज’. गोरा एजंट साहेब मडमेला घेऊन जेवायला यायचा होता. दिवाणजी म्हणाले, "सरकार, हे लोक ‘प्लीज’ लावल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत." लगेच हुकूम सुटला आणि शाळेतल्या फणसळकर मास्तरांना शिकवायला बोलावलं.

"याचा अर्थ काय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"कृपा करून, सरकार."

"कृपा? अहो, कृपा आम्ही करतो! आम्ही ती कुणाकडे मागायची?"

मास्तरांना घाम फुटला. "मग सरकार, आधी नुसता शब्दच पाठ करावा. अर्थाचं पुढं बघू."

राजेसाहेबांना शब्द भलताच आवडला. तोंडात कसा खणखणीत वाजायचा! "प्लीज, याला चाबकानं फोडा!" "प्लीज, तोंड बंद कर, नाहीतर जीभ छाटीन!" चार दिवसांत दरबारात प्लीजचा असा धुरळा उडाला, की हुजऱ्यांना वाटू लागलं, ही इंग्रजीतली शिवीच असावी!

मेजवानीच्या दिवशी मडमेनं दुसरी पुरणपोळी नको म्हटलं. राजेसाहेब पाटावरून गरजले, "प्लीज, ईट!" मडमेच्या हातातला चमचा उडून दिवाणजींच्या पगडीवर बसला. साहेबाला हसू दाबता दाबता असा ठसका लागला, की बोलायची सोय उरली नाही.

पाहुणे गेले आणि मास्तरांना बोलावणं आलं.

"मास्तर, तुम्ही आम्हाला फुटका शब्द दिलात! उद्या दिवस मावळायच्या आत याचा अर्थ आम्हाला दाखवा. सांगायचा नाही, दाखवायचा! नाही जमलं, तर बायकामुलांना घेऊन संस्थानाबाहेर चालते व्हा!"

"पण सरकार, अर्थ कसा दाखवणार? तो काय भोपळा आहे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. प्लीज!"

मास्तरांच्या घरासमोर ठकूबाई तांबोळणीचं पानाचं दुकान. सकाळी बघते तर मास्तरीणबाई डोळे पुशीत भांडी पोत्यात भरतायत.

"काय हो वहिनी, माहेरी निघालात का?"

"माहेरी कसल्या, ठकूबाई! त्या मेल्या शब्दानं आमचं बिऱ्हाड रस्त्यावर आणलं!" आणि त्यांनी सगळं सांगितलं.

ठकूबाई ओसरीवर गेली. मास्तर डोक्याला हात लावून बसले होते. "मास्तर, साहेबलोक हा शब्द बोलतात तरी कधी?"

"काही हवं असलं की. म्हणजे कसं, समोरच्याला नाही म्हणायची मुभा ठेवून मागायचं."

"अगंबाई! मग सरकारांना कसं कळावं? त्यांना जन्मात कुणी नाही म्हटलंय का? वहिनी, भांडी मांडणीवर ठेवा बघू!"

दुपारी रोजच्यासारखी ती पानाची पेटी घेऊन राजवाड्यात गेली. जेवल्यावर तिच्या हातचा विडा मिळाला नाही, तर राजेसाहेबांना अन्न पचायचं नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. राजेसाहेबांनी गादीवरूनच हात पुढे केला.

"विडा दे."

"नाही."

पंखा ओढणाऱ्याच्या हातातली दोरी थांबली. राजेसाहेबांना वाटलं, आपल्याच कानात काहीतरी झालं.

"काय म्हणालीस?"

"नाही देत, म्हटलं."

"प्लीज, विडा दे! नाहीतर हात तोडीन!"

"तोडा सरकार. पण मग उद्यापासून चुना कोण लावणार?"

"त्यात काय अवघड आहे? दिवाणजी, तुम्ही लावा!"

दिवाणजींनी पेटी ओढून घेतली आणि भिंतीला सफेदी द्यावी तसा पानाला चुना फासला. राजेसाहेबांनी विडा तोंडात टाकला मात्र, उभेच राहिले! जीभ पोळली, डोळ्यांतून धारा लागल्या. "पाणी! पाणी! प्लीज, या दिवाणाला कोंडा!"

पाणी प्यायले, तूप चाटलं; त्या गडबडीत दिवाणजींना कोंडायचं राहूनच गेलं. तरी नजर पुन्हा पेटीकडेच. ठकूबाई आपली निवांत सुपारी कातरत बसलेली.

"का देत नाहीस गं?"

"मर्जी माझी, सरकार."

"धाक दाखवून उपयोग नाही म्हणतेस?"

"धाकानं हात थरथरतो. हात थरथरला की चुना जास्त पडतो. आत्ताच चाखलात की!"

राजेसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग गादीवरून उतरले आणि तिच्यासमोर जाजमावर टेकले. घसा खाकरला, आणि आवाज असा निघाला, की हुजऱ्यांना वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"ठकूबाई, तुम्हाला जमत असेल तर... आमच्यासाठी जरा एक विडा लावता का?"

"आत्ता लावते, सरकार!"

पान पुसलं, चुना नखावर घेतला, कात, वेलची, गुलकंद. विडा तोंडात गेला आणि राजेसाहेबांचे डोळे मिटले. उघडले तेव्हा ठकूबाई हात जोडून उभी.

"सरकार, मास्तरांच्या वतीनं अर्थ दाखवून झाला. त्यांचं बिऱ्हाड राहू द्या."

"कसला अर्थ? आम्ही तर ‘प्लीज’ म्हटलंसुद्धा नाही!"

"तेच तर! इतके दिवस म्हणत होतात, पण केलं नाहीत. आज म्हटलं नाहीत, पण केलंत!"

राजेसाहेब असे हसले, की विड्याचा रंग थेट दिवाणजींच्या उपरण्यावर! "मास्तर राहतील! त्यांचा पगारही वाढवा! आणि ठकूबाई, हे चांदीचं तबक घे." मग जीभ चावून म्हणाले, "चुकलं. घेता का?"

"घेते की!" म्हणत तिनं तबक पदराखाली घातलंसुद्धा.

तर मंडळी, ही गोष्ट पुढे सांगाल तेव्हा हिशोब चोख ठेवा, एवढीच विनंती. राजेसाहेब गादीवरून उतरले इतकंच सांगा. पाया पडले असं पदरचं घालू नका!