दुसरी हाक

बोरदऱ्याला येणारे पाहुणे चर्च बघतात, घंटा बघतात, आणि मागच्या अंगानं ओढ्याकडे उतरले की हटकून थबकतात. ओढ्याच्या मुरमाड दरडीत माणूस वाकून आत जाईल एवढं भुयाराचं तोंड आहे, आणि ते काळ्या दगडांनी पक्कं चिणून टाकलेलं आहे. त्यावर ना क्रूस, ना नाव. कुणाला वाटतं आत धन असेल, कुणाला वाटतं जुनी कबर. त्यातलं काही नाही. ते लाजराचं भुयार. ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला त्याच्यासमोर नाटक होतं, आणि परगावचे लोक ते बघून बुचकळ्यात पडतात. कारण आमच्या नाटकातला लाजर बाहेरच येत नाही.

शास्त्रातली गोष्ट तशी साधी आहे. लाजर हा येशूचा मित्र, मार्था आणि मरिया या दोघी बहिणींचा भाऊ. तो आजारी पडून मेला. येशू पोचला तोवर त्याला गुहेत ठेवून चार दिवस झाले होते. येशूनं गुहेच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली, ‘लाजरा, बाहेर ये,’ आणि मेलेला माणूस गुंडाळलेल्या कापडानिशी चालत बाहेर आला. असं सांगतात की आमच्या भुयारातूनही पूर्वी तो तसाच यायचा.

तेव्हा वस्तीतली माणसं नुकती कुठे देवळाच्या पायरीखालून उठून चर्चच्या चटईवर बसायला लागली होती. वाचता येणारा एकटा शमुवेल मास्तर. हा मास्तर बाप्तिस्मा घेण्याआधी तमाशात सोंगाड्या होता म्हणे. धर्म बदलला, पण अंगातली कला काही धुऊन निघाली नाही. पुस्तक उघडून तासभर बोललं की माणसं पेंगतात आणि हलगीवर थाप पडली की पोरं कडेवर घेऊन बाया धावत येतात, हे त्यानं पहिल्याच महिन्यात ओळखलं. मग त्यानं सगळं शास्त्रच नाटकात घातलं. नोहा झाला, योना झाला, बापाचा पैसा उडवून डुकरं राखायची पाळी आलेला उधळ्या मुलगा तर तीनदा झाला, कारण डुकरांचं काम करायला पोरांची भांडणं लागायची. पण लोकांचा जीव जडला तो लाजरावर. मेलेलं माणूस परत येतं हे त्यांना कानानं ऐकायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं.

येशूचं काम रावजीकडे होतं. रावजी विहिरी खोदणाऱ्यांचा मुकादम. बुटका, पाठीत किंचित वाकलेला, दाढीसुद्धा धड न उगवणारा. येशूसारखं त्याच्यात काही नव्हतं, एक आवाज सोडला तर. सुरुंगाला बत्ती द्यायच्या आधी विहिरीच्या काठावर उभं राहून तळातल्या माणसांना हाक मारायची, हा त्याचा रोजचा धंदा. त्याच्या एका ‘बाहेर या रे’वर माणसं हातातली पहार टाकून वर यायची. मास्तर म्हणाला, “तुला शिकवायचं काय? तू तेच तर करतोस.”

आणि लाजर व्हायचा इसहाक. तान्हाबाईचा एकुलता एक. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा हे पोर पोटात होतं. नाव मास्तरानंच ठेवलेलं. मिसरूड फुटल्यावर तो रावजीच्याच हाताखाली विहिरींवर जाऊ लागला. मोठा गुलाम पोरगा! ज्या घरी भाकरी तव्यावर असेल त्याच घरी नेमका डोकवायचा, आणि कुणी रागवायच्या आत हसवून मोकळा व्हायचा. तान्हाबाई त्याला कापडात गुंडाळायची, तोंडाला रुमाल बांधायची. गाठी सैल बांधायची ती. पोराला चालत बाहेर यायचं असतं ना.

आता मास्तरानं यात एक फिरकी घातली होती. पहिल्या हाकेला लाजरानं यायचं नाही. “पहिल्या हाकेला उठलास तर मेला होतास हे कोण मानंल?” तो इसहाकला म्हणायचा. “लोकांचा जीव जरा टांगू दे.” म्हणून येशूनं एकदा हाक मारायची, एक श्वासभर थांबायचं, बायांच्या तोंडाला पदर गेले की दुसरी मारायची, आणि मग लाजर निघायचा. एका म्हाताऱ्यानं हरकत घेतली, की पुस्तकात तर हाक एकच आहे. त्यावर मास्तर म्हणाला, “ती वाचणारांसाठी, बाबा. न वाचणारांना दुसरी लागती.” सगळे हसले. दरवर्षी तसंच होऊ लागलं. इसहाक बाहेर आला की तान्हाबाई आपणच गुंडाळून आत पाठवलेलं पोर बघून ढसाढसा रडायची.

सांगतात की त्या वर्षी नाटक तोंडावर आलं होतं. पलीकडच्या गावात विहिरीचं काम चाललेलं. विहिरीच्या वरच्या अंगाला भरावाची माती होती, ती आदल्या वळवानं भिजून जड झाली होती. दुपारी रावजीला काठाखालून खडे ओघळताना दिसले. त्यानं हाक मारली. तळातली माणसं पटापट वर आली. इसहाक शेवटची टोपली भरत होता. त्यानं तोंड वर केलं, हसला, आणि खालूनच ओरडला, “काका, दुसरी हाक!”

आणि रावजी थांबला.

जाणूनबुजून नव्हे. इतकी वर्षं एक हाक मारून एक श्वासभर थांबायची सवय जिभेला लागली होती, ती आडवी आली. तेवढ्या श्वासात बाजू खाली आली.

माती उपसायला दिवस मावळला. वस्तीत नवं कापड कुणाकडे नव्हतं, तेव्हा नाटकातलंच पांढरं कापड काढलं. तान्हाबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. तिनंच पोराला गुंडाळलं, तिनंच तोंडाला रुमाल बांधला. डोळ्याला टिपूस नाही. शेजारणी म्हणायच्या, “रड गं बाई, रडून मोकळी हो.” ती ऐकायची नाही. आणि ज्या बाया जवळ बसल्या होत्या त्यांनी बघितलं, की गाठी तिनं सैल बांधल्या होत्या.

पुरून आल्यावर रावजी घरात शिरला तो कोपऱ्यात बसून राहिला. बायकोनं भाकरी पुढे केली, ती त्यानं भिंतीकडे सारली. वस्तीतले लोक समजूत घालायला येत होते. कोण म्हणे, तू तर हाक मारली होतीस रे, दहाजण वाचले तुझ्या हाकेनं. ते ऐकलं की तो आणखीच आक्रसून बसायचा. आपण कशासाठी थांबलो हे फक्त आपल्यालाच माहीत आहे असं तो धरून होता, आणि त्याला वाटायचं, वस्तीतल्या एखाद्याला जरी हे कळलं तर आपण जमिनीत जाऊ.

चौथ्या दिवशी सकाळी तान्हाबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

“भावजी, चला,” ती म्हणाली.

“कुठं, वहिनी?”

“कबरस्तानात. आज चौथा दिवस हाय. लाजरपण चौथ्याच दिवशी उठला.”

रावजीची बायको पुढे झाली, म्हणाली, “तान्हाबाई, अगं ते नाटक हुतं.” तान्हाबाई रावजीकडेच बघत म्हणाली, “तो पयल्या हाकंला कवा आलाय का, भावजी? तुमी येकच मारली. दुसरी ऱ्हायली तुमची.”

तेव्हा म्हणे रावजीनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं आणि चार दिवस पोटात दाबलेलं बोलला. “वहिनी, मी थांबलो. नाटकात थांबतो तसा थांबलो.”

“मला ठावं हाय,” तान्हाबाई म्हणाली. “वर आलेली माणसं काय मुकी हायेत व्हय? म्हणून तर म्हणते, चला.”

मास्तर धावत आला तोवर सगळी वस्ती रस्त्यावर होती. मास्तरानं तान्हाबाईचे पाय धरले. पुनरुत्थान शेवटच्या दिवशी असतं, आपण दाखवतो ती नुसती खूण, असं काय काय तो सांगत होता. हयातभर ज्यानं लोकांना हसवलं-रडवलं त्या माणसाला त्या दिवशी एक वाक्य धड सापडेना. तान्हाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मास्तर, खोटं हुतं तर दरसाली मला कशाला रडवलंत?” मास्तर बाजूला झाला.

रावजीच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? पण ज्यांनी त्याला चालताना पाहिलं ते सांगायचे, की हाक मारली तर या बाईची चेष्टा होईल, आणि नाही मारली तर तिचं पोर आपण दुसऱ्यांदा पुरू, या दोन्हींच्या मधे तो पाय टाकत होता. वाटेत दोनदा बसला. दोन्ही वेळा तान्हाबाई थांबली, त्याच्याकडे न बघता.

कबरीवरची माती अजून ओली होती. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला. रावजी उभा राहिला. पहिली हाक घोगरीच निघाली, “इसहाका, बाहेर ये.” ‘लाजरा’ म्हणाला नाही तो.

काही झालं नाही. झाडावर कावळे होते तेही उडाले नाहीत.

“विहिरीवर मारता तशी मारा,” तान्हाबाई म्हणाली.

त्यानं तशी मारली. ओढ्यापलीकडच्या शेतातली माणसं उभी राहिली म्हणतात. आणि मग त्याला थांबता येईना. एकदा थांबला होता त्याची भरपाई करायला निघाल्यासारखा तो हाकांवर हाका देत सुटला, श्वास घेईना. गळ्याच्या शिरा तटतटल्या, आवाज फाटला, शेवटी नुसती हवा बाहेर पडायला लागली, तरी ओठ ‘ये, ये’ करत होते. बाप्यांनी माना खाली घातल्या. त्याच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. त्याला आवरायला कुणी पुढे जाईना, कारण तो हक्क कुणाचा नव्हता.

तान्हाबाई मातीकडे बघत होती. मग तिनं रावजीकडे बघितलं. असं सांगतात की तेव्हा तिला समोर एक माणूस दिसला, जो तिच्यासाठी हाका मारत मरून जाईल. उभ्या जन्मात तिनं दिरासमान माणसासमोर पदर ढळू दिला नव्हता. ती पुढे गेली आणि तिनं आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला.

“पुरे, भावजी,” ती म्हणाली. “तो तुमच्या हाकंचा न्हाई ऱ्हायला आता.”

तिनं तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. ते पाणी तिनं इसहाकसाठी आणलं होतं. चार दिवस तहानलेला उठेल म्हणून. रावजी पाणी पीत असताना ती खाली बसली, आणि मग ती रडली. त्या रडण्याचं वर्णन आमच्याकडे कुणी करत नाही.

त्या साली नाटक झालं नाही. पुढल्या साली मास्तर म्हणाला, आता कधीच नको, माझ्या पापाला पुस्तकच बरं. तेव्हा तान्हाबाईच बोलली, की नाटक करा. माझं पोर सात सालं तिथून उठून आलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. शेवटची हाक ज्याची हाय तो मारील तवा मारील, तिची वाट बघत मी बसलेय. तोवर तुमी मारा. पण आत कुणाचं लेकरू घालू नका. मग विहिरी खोदणाऱ्या माणसांनी, त्याच विहिरीतून निघालेल्या दगडांनी भुयाराचं तोंड चिणलं. रावजी त्या चिणलेल्या दगडांसमोर उभा राहिला, त्यानं पहिली हाक मारली, न थांबता दुसरी मारली, आणि मारत राहिला. बायांतून तान्हाबाई उठली, आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ती जिवंत होती तोवर तीच उठायची. ती गेली त्या साली लोकांना वाटलं, आता कसं? रावजी म्हातारा झाला होता, तरी हाका मारत होता. बराच वेळ गेला. मग गवंड्याची बायको उठली, जिची मुलगी देवीच्या साथीत गेली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आजही तसंच चालतं. येशूचं काम कुणी करायचं हे पंचमंडळी ठरवतात, मार्था-मरियेचं ठरवतात, पण कोण उठणार हे ठरत नाही आणि आधी कुणी विचारतही नाही. आम्ही एरवी कुणाच्या घरात काय शिजलं ते विचारल्याशिवाय पुढे न जाणारी माणसं. पण त्या संध्याकाळी जी उठते तिला कुणी काही विचारत नाही. मागल्या साली एक परकी बाई उठली. एस. टी. चुकली म्हणून थांबलेली, कपाळाला कुंकू, हातात पिशवी. तिला गोष्टही माहीत नव्हती. हाका ऐकून तिचं तोंड कसनुसं झालं, आणि ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. काम करणारा पोरगा तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, तेव्हा तो खाली वाकला. तिनं हात ठेवला. ‘पुरे, बाळा,’ एवढंच म्हणाली. मग आमच्या बायांनी तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि सकाळी गाडीत बसवून दिलं. नाव कुणी विचारलं नाही.